एका जोडाला दोन तारा

चादरीचं एक टोक दोरीवर गेलं होतं आणि दुसरं अजून बादलीतच होतं, एवढ्यात फोन वाजला. काकूंनी ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि दातांत धरलेला चिमटा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "हं."

"हं काय हं? तोंडात काय आहे?"

हा आवाज दोन वर्षांनी कानावर पडला, तरी काकूंची पाठ आपोआप ताठ झाली. कारखान्यातल्या सुपरवायझरबाई होत्या.

"चिमटा आहे, बाई. कपडे वाळत घालतेय."

"घाला, घाला. पण आधी ऐका. तपासणीच्या टेबलावर एक जागा झाली आहे. सकाळी आठ ते दुपारी एक. तुमचा हात मला ठाऊक आहे, म्हणून पहिला फोन तुम्हाला. सोमवारपासून येणार की नाही, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर माझ्या यादीत दुसरं नाव आहे."

फोन बंद झाला. काकू दोरीखाली उभ्याच राहिल्या, आणि चादरीचं ते टोक बादलीत पुन्हा भिजत बसलं.

गल्लीत त्यांना सगळे तारवाल्या काकू म्हणत. कुणाचा रेडिओ घरघरला, कुणाची विजेरी डोळे मिटून बसली, की माणसं त्यांच्या दाराशी येत. त्यांच्या खिशात किल्ल्या-रुमालाबरोबर तारेचे दोन-चार तुकडे असायचेच. पण ही दुरुस्ती म्हणजे नुसता हातांचा चाळा होता. त्यांचं खरं काम बारा वर्षं कारखान्यात झालं होतं. लांबलचक टेबलाशी ओळीनं बायका बसायच्या, समोरून सर्किटच्या हिरव्या पट्ट्या सरकत यायच्या, आणि त्यांच्यावर मुंगीएवढाले भाग सोल्डर करून बसवायचे. काकूंच्या हातून गेलेली पट्टी परत आली, असं बारा वर्षांत फार तर पाच-सहा वेळा घडलं असेल.

मग सासूबाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. ज्या बाईनं जन्मभर घरात दुसऱ्या कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, तिच्याजवळ एकच आवाज उरला: "आं." पाणी हवं तरी आं, कूस बदलायची तरी आं, आणि सुनेनं खिडकी सताड उघडी टाकली म्हणून रागवायचं तरी आं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली. देवानं जे माणूस आपल्या हाती दिलं त्याला सांभाळायचं, यात कुणाला विचारायचं काय, असं त्यांना वाटलं होतं आणि आजही वाटत होतं. फक्त कधीकधी, भांडी विसळताना, त्यांची बोटं पाण्याखाली उगाचच काहीतरी बारीक पकडल्यासारखी जुळायची. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं होतं, तेही चोरून.

आता जागा आली होती, आणि वेळही सोयीची होती. अडचण एकच होती. नवरा बस चालवायचा. पहाटे जायचा तो तीनला परत यायचा. आठ ते एक सासूबाईंजवळ कोण?

शेजारची शिंपीण तयार होती. भिंतीला भिंत लागून तिची खोली. "काकू, मी काय कुठं जातेय? बसलेलीच असते," असं ती केव्हाची म्हणत होती. पण तिचं मशीन सकाळी सुरू झालं की दुपारपर्यंत थांबायचं नाही, आणि त्या खडखडाटात सासूबाईंचं आं भिंतीपलीकडं पोचणं शक्य नव्हतं. काकू बाजाराला जायच्या तेव्हासाठी साधी घंटी लावून पाहिली होती. सासूबाईंचा डावा हात थरथरायचा. बटणावर बोट टेकलं की घंटी वीसदा वाजायची आणि शिंपीण हातातली कात्री टाकून धावत यायची, तर हवा असायचा एक घोट पाणी. चार दिवसांत ती इतकी धसकली की मशीनच चालवेना. उलट एकदा सासूबाई खरोखरच पलंगाच्या कडेला घसरल्या होत्या, तेव्हा पुन्हा पाणीच असेल म्हणून ती शिलाई संपवून आली. त्या दिवशी दोघी बायका एकमेकींकडे पाहून रडल्या, आणि घंटी काढून टाकली.

म्हणून मग काकूंनी पट्टीचं मनात घेतलं. पलंगाशी तीन मोठी बटणं: पाणी, कूस, आणि लाल ते तातडीचं. भिंतीवरच्या झरोक्यातून बारीक तार पलीकडं, शिंपिणीच्या टेबलावर तीन दिवे आणि एक भोंगा. हात वीसदा थरथरला तरी ते एकदाच मोजायचं. दिवा लागला की शिंपीण आपलं बटण दाबेपर्यंत विझायचं नाही. आणि भोंगा फक्त लाल बटणाला. एवढं डोकं साध्या घंटीला नसतं. त्यासाठी पट्टीवर चिप हवी, आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला हवा.

पट्टी तयार करणं काकूंच्या हातचं काम होतं. प्रोग्रॅमचं मात्र अवघड. कारखान्यात ते काम काचेच्या खोलीत चालायचं. ओळीतल्या बायकांना आतल्या माणसांची फक्त डोकी दिसायची. काकू बारा वर्षांत त्या खोलीत एकदाच गेल्या होत्या, कुणाचा तरी डबा द्यायला.

बाजारातल्या रेडिओवाल्या भाऊंनी त्यांना आपलं शिकायचं किट उसनं दिलं. तळहाताहून थोडी मोठी पाटी. तिच्यावर तिची स्वतःची चिप, स्वतःचे दिवे, स्वतःची बटणं, आणि कडेला पिनांची रांग. केबल लावून कॉम्प्युटरला जोडायचं, तिथं लिहिलेलं या चिपमध्ये उतरतं. लेकीनं सासरी जाताना मागं टाकलेला लॅपटॉप, फोनवरचे धडे, आणि सासूबाईंच्या दुपारच्या झोपेचा तास, एवढ्यावर काकू चार महिने शिकल्या. किटवर त्यांचा प्रोग्रॅम आता बिनचूक चालत होता. सुरू झाला की दिवा तीनदा लुकलुकायचा, मी तयार आहे म्हणून, आणि मग बटणांची वाट पाहायचा. पण किट पलंगाला बांधून ठेवता येत नव्हतं; ते भाऊंचं होतं. प्रोग्रॅम तिथून उचलून त्यांनी स्वतः केलेल्या पट्टीत घालायचा होता. ते काम पुढच्या महिन्यात सावकाश करायचं, असं ठरलं होतं.

आता पुढचा महिना उद्यावर आला होता.

नवरा तीनला घरी आला, तेव्हा चादर अजून अर्धीच वाळत होती. त्यानं काही न विचारता ती पिळून दोरीवर टाकली आणि आत आला. काकूंनी टेबल ओढून सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी आणलं होतं. उजेड तिथंच चांगला होता, आणि म्हातारीवर नजरही राहायची.

"फोन कुणाचा होता?"

काकूंनी सांगितलं. नवरा खुर्चीवर बसला.

"मी रजा काढू का?"

"किती दिवसांची काढाल?"

"तेही खरंच." त्यानं आईकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पसाऱ्याकडे. "होईल का हे उद्यापर्यंत?"

"करणारी मी आहे. होऊ देणारा वर बसलाय."

"मग त्याला आत्ताच सांगून ठेव. शेवटच्या घडीला सांगितलेलं कुणालाच आवडत नाही," असं म्हणून तो चहा ठेवायला गेला.

किटबरोबर एक आकृती आली होती. बाहेरच्या पट्टीत प्रोग्रॅम भरायचा असेल तर किटच तिला वीज पुरवतं आणि किटच प्रोग्रॅम सोडतं. त्यासाठी पाच तारा. एक वीज नेणारी, एक ती परत आणणारी, दोन प्रोग्रॅम नेणाऱ्या. आणि पाचवी? काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. पाचवी किटच्या वेगळ्याच पिनेतून निघत होती, पण पट्टीवर जाऊन टेकत होती वीज नेणारी तार जिथं टेकते, बरोबर तिथंच.

एका जोडाला दोन तारा? कारखान्यात असलं काही करणाऱ्या नव्या पोरींवर काकू स्वतः ओरडल्या होत्या. दोन तारा एका ठिकाणी आल्या की जोड फुगतो, एक तार आतून सुटलेली असली तरी वरून कळत नाही, आणि अशी पट्टी बघताक्षणी बाद मालाच्या लाल टोपलीत जाते. त्यातून वीज तर पहिल्या तारेनं पोचलीच आहे. मग दुसरी कशाला, भाराभर? आकृती काढणारा काचेच्या खोलीत बसणाऱ्यांपैकी असणार, हातात कधी सोल्डर धरलं नसेल, असं म्हणून त्यांनी पाचवी तार सोडून दिली. चार तारा इतक्या सुबक जोडल्या की फोटो काढावा.

पट्टीवरचा वीज आल्याचा हिरवा ठिपका लागला. काकूंनी हात जोडले आणि प्रोग्रॅम सोडला. पडद्यावर एक रेघ भरत गेली आणि अक्षरं आली: काम यशस्वी.

काकूंनी पाणी लिहिलेलं बटण दाबलं. काही नाही. कूस दाबलं. काही नाही. लाल दाबलं, धरून ठेवलं, तरी काही नाही. पट्टी हिरवा ठिपका लावून शांत बसली होती, जशी काही तिला कुणी हाकच मारली नव्हती.

पुन्हा सोडला. काम यशस्वी. पुन्हा काही नाही.

शनिवारची संध्याकाळ सगळे जोड तपासण्यात गेली. भिंगाखाली एकेक जोड पाहिला, नसलेला दोष शोधून दोन पुन्हा तापवले, त्यात अंगठा भाजून घेतला. चिप खराब असेल म्हणून दुसरी बसवली. तरी पडद्यावर तेच: काम यशस्वी. "याला म्हणावं, यशस्वी काय ते एकदा दाखव तरी!" काकू लॅपटॉपला म्हणाल्या. स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "आमच्या डेपोतला साहेब असाच आहे. कागदावर सगळ्या बसेस वेळेत."

रविवारी देवाचं करून काकू नऊला पुन्हा टेबलाशी बसल्या. डोळे चुरचुरत होते. दहाच्या सुमाराला शिंपीण डोकावली.

"काकू, झालं का लग्न पट्टीचं?"

"नवरी तयार आहे, नवरा बोलत नाही."

"म्हणजे सगळीकडचीच गत," शिंपीण म्हणाली आणि पलंगावर सासूबाईंच्या पायाशी टेकली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "नाही झालं तर मी मशीन इकडं आणून टाकते. खरंच."

"आणि तुझी गिऱ्हाइकं? मापं पलंगावर घेशील का, आईंच्या शेजारी झोपवून?"

शिंपीण हसली, पण काकू हसल्या नाहीत. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपण कामाला जायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं. नाही म्हणून सांगायला एक मिनिट पुरलं असतं.

त्यांनी फोन उपडा ठेवला आणि पुन्हा प्रोग्रॅम सोडला.

"आं," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी पाणी दिलं. सासूबाईंनी मान फिरवली. उशी सारखी केली, तर डाव्या हातानं उशीवर चापट मारली. खिडकी लावली. "आं!" खिडकी उघडली. "आंऽ!"

"अहो आई, जरा धीर धरा ना. पाचच मिनिटं."

पुन्हा प्रोग्रॅम सोडला. पुन्हा काम यशस्वी. काकूंचे डोळे पट्टीवर खिळलेले. सासूबाईंनी डावी मूठ वर केली आणि उघडली, मिटली. उघडली, मिटली. उघडली, मिटली.

"हो, छान. व्यायाम करा. डॉक्टरांनी दहादा सांगितलाय," काकू मान वर न करता म्हणाल्या.

यावर सासूबाईंनी तोंड पुसायचा नॅपकिन उचलला आणि सगळा जीव डाव्या हातात आणून भिरकावला. तो पट्टीवर नाही पडला. लॅपटॉपवरही नाही. पलंगाच्या बाजूला सरकवून ठेवलेल्या किटवर पडला.

काकू संतापून उठल्या. नॅपकिन उचलला, तर म्हातारी त्यांच्याकडे नाही, किटकडे बोट दाखवत होती. बोट किटकडे, मग मूठ: उघड, मीट. उघड, मीट. उघड, मीट.

"तीन? तीन काय?"

सासूबाईंनी डोळे मिटले. बोलता येत असतं तर काय म्हणाल्या असत्या, ते चेहऱ्यावर अक्षरशः लिहिलेलं होतं. मग त्यांनी बोट लॅपटॉपकडे केलं: पुन्हा कर.

काकूंनी प्रोग्रॅम सोडला आणि या खेपेला पट्टीकडे पाहिलंच नाही. सासूबाई जिकडं पाहत होत्या तिकडं पाहिलं. पडद्यावर काम यशस्वी आलं, आणि किटवरचा दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. मी तयार आहे.

काकूंनी किट जवळ ओढलं. किटवर तोच प्रोग्रॅम महिनाभर होता, म्हणून तो दिवा लुकलुकला तरी त्यांच्या लेखी ते जुनंच होतं. तिकडं लक्ष जायचं कारणच नव्हतं. पण म्हातारीनं कालपासून पाहिलं होतं की दरवेळी, बरोबर त्याच क्षणी, उत्तर पट्टी देत नाही, किट देतंय. लॅपटॉप खोटं बोलत नव्हता. काम यशस्वी होतंच होतं. प्रोग्रॅम दरवेळी किटच्या स्वतःच्या चिपमध्ये जात होता.

"आई, तुम्ही…" काकू म्हणाल्या. सासूबाईंनी हात झटकला: पुरे झालं, कामाला लाग.

काकूंनी रेडिओवाल्या भाऊंना फोन लावला. रविवार असल्यामुळे ते घरीच होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, पाचवी तार जोडलीत ना?"

"ती… एकाच जागी दुसऱ्यांदा येत होती. चुकून छापली असेल म्हणून…"

पलीकडं भाऊ इतके हसले की त्यांना खोकला लागला. "अहो, ती तार वीज न्यायला नाहीच! ती बघायला आहे. बाहेर पट्टी आहे का आणि तिच्यात वीज पोचली का, हे किट त्या तारेनं चाचपतं. ती नसली तर किटला वाटतं, दारात पाहुणा नाहीच. मग वाढलेलं ताट ते स्वतःच जेवून मोकळं."

"कालपासून पंधरा ताटं जेवलंय ते, भाऊ."

"पचतील त्याला. आणि हो, पट्टीतले सेल काढून ठेवा. किट वीज देतंय तोवर दुसरीकडून वीज नको."

सेल काढले. मग काकूंनी पाचवी तार सोलली आणि सोल्डरचं टोक तापवलं. पण हात त्या जोडाकडे जाईना. बारा वर्षांची सवय कोपराला धरून मागं ओढत होती. शेवटी त्या मनाशी म्हणाल्या, माझ्या नियमानं पट्टी वाचली असेल, पण बिचारी बेदखल राहिली. आणि दुसरी तार पहिलीच्या कुशीत टेकवली. जोड फुगला. कारखान्यात लाल टोपलीत गेला असता असा, बेढब, पोटफुगा जोड. त्यांनी तारा हलवून पाहिल्या. दोन्ही घट्ट होत्या.

प्रोग्रॅम सोडला. काम यशस्वी.

किट गप्प राहिलं. आणि काकूंच्या पट्टीवरचा दिवा, पहिल्यांदाच, एकदा लुकलुकला, दोनदा, तीनदा.

"आं," सासूबाई म्हणाल्या. त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

पुढचं काम हातांना पाठ होतं. तारा काढल्या, सेल बसवले, पट्टी डबीत घातली, डबी पलंगाच्या डाव्या कडेला बांधली. झरोक्यातून तार पलीकडं गेली. नवरा स्टुलावर चढला होता आणि शिंपीण खालून सूचना देत होती, "अहो, माझ्या कपाटावर धूळ पाडू नका हो, कालच पुसलंय." दिवे तिच्या मशीनसमोर भिंतीवर लागले.

"आता तू मशीन चालव," काकूंनी तिला सांगितलं. "अगदी जोरात. आणि इकडं बघू नकोस, शिवत राहा."

खडखडाट सुरू झाला. इकडं सासूबाईंचा डावा हात डबीवर आला, थरथरला, पाणी लिहिलेल्या बटणावर सात-आठ वेळा आपटला. खडखडाट थांबला. पावलं वाजली. शिंपीण दारात, हातात तांब्या.

"पाणीच ना? एकदाच लागला, निळा दिवा. मी दाबेपर्यंत विझला नाही."

सासूबाई दोन घोट प्यायल्या. शिंपीण परत गेली, मशीन सुरू झालं. सासूबाईंनी कूस दाबलं. ती आली, कूस बदलून गेली. मग लाल दाबलं. भोंगा असा काही बोंबलला की नवरा स्टुलावरून पडता पडता वाचला, आणि शिंपीण गळ्यात माप घेण्याची फीत तशीच लटकत असताना धावत आली.

"काय झालं? काय झालं?"

सासूबाई शांतपणे तिच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी तिला बसायची खूण केली. दोन वर्षांत त्यांना हवं तेव्हा माणूस बोलावता आलं नव्हतं.

"हे काही खरं नाही, काकू," शिंपीण धापा टाकत म्हणाली. "सोमवारी माझी शिलाई व्हायची नाही. यांना गप्पा मारायच्या आहेत."

"गप्पांना पाण्याचं बटण दाबायचं, आई," काकूंनी बजावलं. "लाल खेळायचं नाही. कबूल?"

"आं."

"नक्की?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण मान हलवली. मग डावा हात लांब करून टेबलावरचा उपडा फोन पुढं ढकलला, सुनेच्या दिशेनं.

काकूंनी फोन उचलला. नवरा दारात उभा होता. त्याच्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? आईनं सांगितलंय ना."

पलीकडून उचललं गेलं, तेव्हा काकूंची पाठ पुन्हा ताठ झाली. "बाई, मी येते. सोमवारी आठला."

"चिमटा काढला वाटतं तोंडातला," सुपरवायझरबाई म्हणाल्या. "या. चष्मा बदलला असेल तर नवा घेऊन या, काम बारीक आहे."

काकूंनी फोन ठेवला. मनातल्या मनात त्यांनी ज्याला सांगायचं होतं त्याला सांगितलं, या वेळी चोरून नाही. मग पायांत चपला सरकवल्या. शिंपिणीला दार उघडून आत यायला उद्यापासून किल्ली लागणार होती, आणि किल्लीवाला रविवारी संध्याकाळी पाचलाच दुकान बंद करतो. त्याच्याकडून घराची आणखी एक किल्ली करून आणायची होती.